काळी पडलेली केळी आणि ऐंशी ताटं

मी गाव सोडलं त्या दिवशी आमच्या बागेत केळीची कटाई होती. माझ्या जाण्यासाठी ती पुढे ढकलता आली नसती. ट्रक व्यापाऱ्याचा, मजूर व्यापाऱ्याचे, आणि घड एकदा तयार झाले की कुणाच्या पोरीचं विमान कधी आहे ते बघत नाहीत. जळगावला जायची जीप दारात उभी राहिली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, शेतातून तसेच चालत आले. हातांना कोपरापर्यंत केळीचा चीक. हा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि मग काहीही करा, तो कपडा शेतात घालायचा होतो. माझ्या अंगात धुळ्याहून घेतलेला नवा जाड कोट होता. मार्चच्या उन्हात कोट घालून मी घामानं निथळत होते, कारण तो बॅगेत मावला नव्हता. आबा माझ्यापासून दोन हात लांब उभे राहिले, हात पाठीमागे धरून. म्हणाले, "जाय बेटा. तठे जाईसन नाव काढ."

तेवढ्यात शेताच्या रस्त्यावरून ट्रकनं हॉर्न दिला आणि ते वळून गेले. जीप सुरू व्हायच्या आधी मला त्यांची पाठ दिसली. जळगाव येईपर्यंत मी रडले, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा रागानं जास्त रडले. बापानं जवळसुद्धा घेतलं नाही, हे मनात धरून मी कॅनडाला गेले. चिकाचं कारण मला पुढे रेल्वेत कुठेतरी सुचलं, तोवर रडून झालं होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची पूर्वा. ती धुळ्यात देवपूरला होस्टेलवर राहून शिकते. परवा तिचा मेसेज आला, "आत्या, तुझी ती केळ्याची हेल्दी रेसिपी पाठव ना, शॉर्टमध्ये." शॉर्टमध्ये ती चार ओळींत संपते, आणि मी ती या लिहिण्यात मध्येच कुठेतरी घालणार आहे. पूर्वा, शोधून काढ, तुझ्या पिढीला फुकटचं काही पचत नाही. पण त्या चार ओळींपर्यंत पोचायला मला तेरा वर्षं लागली. ती तेरा वर्षं पूर्वाला माहीत नाहीत, गावात राहिलेल्यांना माहीत नाहीत, आणि माझ्यासारखे जे सुरत-पुण्याला, दुबईला पांगले त्यांनाही बहुधा स्वतःचीच माहीत असतील. म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या अलीकडे. चारी बाजूंनी केळी. बाहेरच्यांना वाटतं, या लोकांच्या घरात केळ्यांची चंगळ असेल. चंगळ कसली? घड हिरवा असतानाच कापतात आणि तो दिल्लीकडे रवाना होतो. पिकलेलं पिवळंधमक केळं आम्ही लहानपणी पाहिलं ते चोपड्याच्या बाजारात, गाडीवर, दुसऱ्याचं. घरात यायचं ते झाडावरच पिकलेलं, चुकून मागे राहिलेलं एखादं फणीभर. ते देवापुढे ठेवायचं आणि मग सगळ्यांनी अर्धं-अर्धं खायचं. साल काळी पडायला लागली की ते केळं आपोआप गुरांच्या टोपलीत जायचं. हा नियम कुणी शिकवला नव्हता. भाकरी उजव्या हातानं खायची, तसाच हाही. काळं केळं म्हणजे ढोरांचं.

दुसरा नियम आबांचा. पिकलेलं फळ चुलीवर चढवायचं नाही. एकदा मी शाळेतून केळ्याच्या शिऱ्याची टूम घेऊन आले, तर म्हणाले, "देवनी पिकाडं म्हणजे शिजाडंच. त्याले आखो चुल्हावर कसाले ठेवानं?" देवानं एकदा शिजवलेलं परत शिजवायचं नाही. माय, म्हणजे माझी आई, पदराआड हसली, पण शिरा काही झाला नाही. आबांपुढे आमच्या घरात कुणाचं चालत नसे, आणि माझं तर जीभ चालण्यापलीकडे काहीच चालत नसे.

मी धुळ्याला गृहविज्ञानात पदवी घेतली. गावातून एवढी शिकलेली मी पहिली मुलगी. आबा पारावर बसून सांगायचे, आमची वंदना आहारशास्त्र शिकते. लग्न झालं, नवरा वेल्डिंगमधला, त्याला कॅलगरीला काम मिळालं आणि मी त्याच्यामागे गेले. तिथे माझ्या पदवीचा कागद बघून ऑफिसातली बाई फार गोड हसली. तो कागद अजून बॅगेतच आहे. तीन महिने घरात बसून एप्रिल-मेमध्येही पडणारा बर्फ खिडकीतून बघितला आणि मग म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात किचनमध्ये कामाला लागले. पहिलं वर्ष भांडी. ताट धुवायचं मशीन असतं, पण मशीनमध्ये घालायच्या आधी खरवडायला माणूस लागतंच. ते माणूस मी.

गावाकडे फोनवर मी काय सांगायचे? "हेल्थ केअरमध्ये आहे." खोटं नव्हतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवतात, तसंच होतं ते. आबा विचारायचे, काम बरं शे ना? मी म्हणायचे, बरं शे. ते त्यांना पुरायचं आणि मलाही पुरवून घ्यावं लागायचं.

त्या निवासात मारिसेल नावाची स्वयंपाकीण होती, फिलिपिन्सची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. जाड चष्मा, करडा आवाज, पण मन मोठं. माझा पहिला हिवाळा. मी गप्प गप्प असते हे बघून तिनं एका रविवारी घरून केळ्याचा केक करून आणला. फॉइल उघडलं, वास छान होता. मी विचारलं, केळी कुठली वापरलीस? ती अभिमानानं म्हणाली, "एकदम काळी झालेली. टाकून द्यायच्या लायकीची." माझा चेहरा बघून तिला वाटलं असेल मी भारावले. मी भारावले नव्हते, भडकले होते. भांडी घासणारी बाई म्हणून हिनं मला गुरांची टोपली आणून दिली, असं माझ्या डोक्यात बसलं. थँक्यू म्हटलं, घरी नेलं आणि मागच्या अंगणात पाखरांसाठी कुस्करून टाकलं. पाखरांनी बर्फातूनसुद्धा कण न् कण उचलला. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

आता मला तिच्यावर कुरघोडी करायची होती. केळीच्या गावची मुलगी मी, हिला दाखवते केळं काय असतं. दुकानातून निवडून निवडून टणक, पिवळी, डाग नसलेली केळी आणली. त्यावर स्टिकर ग्वाटेमालाचं. किलोऐवजी पौंडाच्या वजनावर केळी विकत घेताना मला काउंटरवर कसंतरीच झालं, आबांनी बघितलं तर काय म्हणतील या विचारानं. त्या केळ्यांचा मी केक केला आणि तो विटेसारखा झाला. पुन्हा केला, पुन्हा वीट. साखर वाढवली, मग गोड वीट झाली. चार रविवार गेले. पाचव्या वेळी मी निमूटपणे मारिसेलला विचारलं. ती म्हणाली, पिवळ्या केळ्यात पिठूळपणा जास्त असतो, ते जसजसं काळं पडतं तसतशी त्यातली गोडी वर येते, साखर लागतच नाही. मग तिनं सहज विचारलं, "मी दिलेला आवडला होता ना?" मी खोटं बोलू शकले असते. पण मी तिला सगळं सांगितलं, गुरं, टोपली, पाखरं, सगळं. ती चष्मा काढून पोट धरधरून हसली. तिच्याही घरी केळीची बाग होती म्हणे, आणि काळी केळी डुकरांच्या टोपलीत जायची.

त्यानंतर मला नादच लागला. आमच्या निवासात ऐंशी म्हातारी माणसं. निम्म्याहून जास्त लोकांना साखरेचा त्रास. त्यांच्या ताटात जेवणानंतर काय यायचं, तर बेचव जेली. लाल, हिरवी, थरथरणारी. साखर नसलेली, आणि दुसरंही काही नसलेली. मला ते बघवेना. माझी पदवी तिथल्या कागदावर नव्हती तरी डोक्यात होती. मैदा काढून टाकला. भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळायचं, ते आणलं. आपल्या दादर ज्वारीची सर नाही, पण चालतं. नुसत्या ज्वारीचं फुटतं, म्हणून अर्धी कणीक. पीठ आधी कोरडंच भाजून घेतलं की कच्चा वास जातो, हे मला मायच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठावरून सुचलं. लोण्याऐवजी थोडं तेल आणि दही. शेंगदाणे आबडधोबड कुटून, कारण काही आजीआजोबांचे दात अजून शाबूत होते आणि त्यांना चावायला काहीतरी हवं असायचं. ज्यांचे नव्हते त्यांच्यासाठी दाण्यांचा बारीक कूट.

तर पूर्वा, हे घे. अगदी काळ्या सालीची मोठी चार केळी हातानं कुस्कर. त्यात एक वाटी भाजलेलं ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, पाऊण वाटी दही, तीन चमचे तेल, चमचाभर खायचा सोडा, मूठभर शेंगदाणे, वेलदोडा, चिमूटभर मीठ. साखर नाही, गूळही नाही. भज्याच्या पिठापेक्षा घट्ट हवं. ते तेल लावलेल्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये भाजायचं. सुरी घालून बघायची, कोरडी निघाली की झालं; माझ्या ओव्हनमध्ये पाऊण तास लागतो. आणि हेल्दी हेल्दी म्हणून अख्खा डबा संपवू नकोस. केळं ते केळंच, त्यात त्याची साखर असतेच. दोन बोटांएवढा तुकडा, जेवणाबरोबर, आणि ज्याला साखरेचं औषध चालू आहे त्यानं आपल्या डॉक्टरला विचारूनच. एवढं बोलल्याशिवाय माझी रेसिपी पुरी होत नाही.

पहिल्या दिवशी ट्रे वरच्या मजल्यावर गेला आणि मी लिफ्टपाशी उभी राहिले. ताटं परत आली ती धुवायची गरज वाटू नये अशी. दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरनं विचारलं, हे कोण करतं? पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी ते ठरलं, आणि मेन्यूच्या कार्डावर छापून आलं, "वंदनाचं भाजलेलं केळं". इंग्रजीत, जाड अक्षरांत. भांड्यांवरून मी बेकिंगवर आले आणि आता तिथलं सगळं गोडधोड माझ्या हाताखाली होतं. त्या कार्डाचा फोटो मी भावाला पाठवला. भावानं अंगठा पाठवला. आबांनी बघितला का, विचारायचा धीर झाला नाही.

तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले. माहेरवाशिणीनं आखाजीला माहेरी असावं हे आपल्याकडे दिवाळीपेक्षा मोठं, आणि मला त्याआधी सात वर्षं जमलं नव्हतं. गावात पाऊल ठेवलं तर झोके बांधलेले, उन्हानं जमीन तापलेली, आणि आबा ओट्यावर. बारीक झाले होते. त्यांनाही साखर निघाली होती. आमरस बंद, पुरणपोळी बंद. मायनं सांगितलं की सणाच्या दिवशी ते जेवायलाच बसत नाहीत, शेतात निघून जातात.

आखाजीच्या दोन दिवस आधी शेजारचे धुडकू नाना आले. हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं कैऱ्या असतील. नाना खाली बसले आणि पिशवीतून रिपोर्ट काढायला लागले. रक्ताचे, लघवीचे, एक एक्स-रे. "वंदाबाई, तू डॉक्टरीण शे ना तठे? ह्या मना कागदे देखी ले जरासा."

मी म्हटलं, नाना, मी डॉक्टर नाही. ते हसले. त्यांना तो विनय वाटला. "आबा बठ्ठासले सांगतस," ते म्हणाले. सगळ्या गावाला सांगतात म्हणे, मोठ्या दवाखान्यात आहे, म्हाताऱ्या माणसांची डॉक्टरीण, हाताखाली माणसं. मी आबांकडे बघितलं. आबांनी मान फिरवून गोठ्याकडे नजर लावली होती, जशी काही म्हशीला त्याच क्षणी काहीतरी झालंय. मी नानांना म्हटलं, उद्या बघते, आणि त्यांनी रिपोर्ट विश्वासानं माझ्याकडे ठेवले. तो विश्वास मला फार बोचला. उद्या मी काहीतरी सांगितलं असतं आणि नानांनी ते ऐकलं असतं.

मायला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, "लोके इचारेत, पोर काय करस? एकदाव तोंडमाईन निंघी गयं, मंग माघारं कसं लेवो?" तोंडातून निघालेलं माघारी कसं घ्यायचं, तिचंही बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. ज्या कामाचा मला अभिमान आहे, ज्याच्यावर माझं नाव छापलं आहे, ते सांगायची माझ्या बापाला लाज वाटते. त्या कार्डाचा फोटो त्यांनी बघितला होता, भावानं सांगितलं. बघून फोन परत दिला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले आणि गुरांच्या टोपलीतून केळी निवडायला लागले. उन्हामुळे बागेतली मागे राहिलेली केळी पटकन काळी पडली होती, हवी तशी. सूप भरलं. मागे आबा उभे. म्हणाले, "पाव्हणासले ढोरेसनं खानं देशी का?" आखाजीला सगळे भाऊबंद येणार होते.

मी सूप खाली ठेवलं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे भंडारा असला, लग्न असलं, की बट्टी भाजायचं काम पुरुषांचं. गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखाऱ्यांचा थर, करायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, वर वरण आणि तूप. आणि आमच्या पंचक्रोशीत बट्टी भाजायला आबांना बोलावणं येतं. आर किती तापलाय ते तळहात वर धरून सांगणारा माणूस. दोनशे माणसं जेवून उठली की ते मिशीला पीळ देऊन बसतात, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि तोंडाला लगाम नव्हता. मी म्हटलं, "आबा, तुम्ही दोनशे माणसंसनी बट्टी भाजतस तव्हय मान वर ऱ्हास. मी ऐंशी म्हातारासले खावाडस, ते सांगानी लाज वाटस?"

आबा म्हशीकडे वळले. ती दावं ओढत होती, ते त्यांनी सैल केलं. मग म्हणाले, "माले नही वाटस लाज. माले वाटनं, तुले वाटत व्हई. तू कधी सांगंच नही."

मला वाटलं होतं मी त्यांना धरलंय. धरली गेले ती मी. दहा वर्षं "हेल्थ केअर, हेल्थ केअर" मीच म्हटलं होतं. पहिलं वर्ष भांडी घासली हे मायलासुद्धा सांगितलं नव्हतं. पोरगी लपवते आहे, तर तिची अब्रू आपण झाकावी, म्हणून त्यांनी त्यावर मोठी चादर घातली. ती चादर डॉक्टरकीची निघाली, कारण त्यांना तेवढी एकच मोठी माहीत होती. मी तिथेच गोठ्यात रडले. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल, केळी सोल."

ओव्हन अर्थातच नव्हता. मायचं मोठं जर्मनचं पातेलं घेतलं, आतून केळीचं पान लावलं. अंडी आमच्या घरात येत नाहीत. तशीही माझ्या कृतीत ती नव्हतीच. दादर ज्वारीचं ताजं पीठ होतं, आणि ते भाजताना आलेला वास मला कॅलगरीत कधी मिळाला नव्हता. आता भाजायचं कसं? मी म्हटलं, एकशे ऐंशी डिग्री लागतात. आबा माझ्याकडे बघून हसले. परसात खड्डा होताच, त्यात गोवऱ्या पेटवल्या, आर खाली बसू दिला, तळहात धरला, थोडी राख ओढली, पुन्हा धरला. पातेलं आत ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. मी घड्याळ बघत होते आणि ते वासावर होते. पस्तिसाव्या मिनिटाला म्हणाले, काढ. मी म्हटलं, अजून दहा मिनिटं. त्यांनी ऐकलं नाही, काढलं. सुरी कोरडी निघाली. गेली पाच वर्षं मी ज्या थर्मामीटरवर विसंबून होते तो त्या दिवशी मला जरा पोरकट वाटला.

आखाजीच्या दुपारी तीस-पस्तीस माणसं. पितरांची घागर भरून झाली, पंगत बसली. आमरसाच्या वाट्या फिरल्या, आणि मी तुकडे केलेली परात घेऊन उभी राहिले. आधी सगळे तुकडे पुन्हा एकदा मोजले. कॅनडाच्या विमानात बसतानासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. धुडकू नानांपाशी आले, त्यांची रिपोर्टची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाना, मी डॉक्टर नही. मी सैपाक करस. ऐंशी म्हातारा माणसे शेतस, त्यासना गोडधोड मी करस. पहिलं वरीस भांडा घासात. तुम्ही हाई कागदे चोपडाले डॉक्टरले दखाडा, उशीर करू नका."

पलीकडच्या आळीतल्या एका काकूंनी माझ्या वहिनीकडे बघितलं, वहिनीनं आमरसाकडे. नानांनी पिशवी घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि मग परातीतला तुकडा उचलून तोंडात घातला. सावकाश चावला. "साखर कितली टाकी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही, गुरांच्या टोपलीतली काळी केळी आहेत. नाना म्हणाले, "बठ्ठं आपलंच, आन आपलेच ठाऊक नही." आणि दुसरा तुकडा मागितला. मी दिला नाही. त्यांचे रिपोर्ट मी वाचले होते, डॉक्टर नसले तरी आकडे कळतात.

आबा त्या दिवशी शेतात गेले नाहीत. पंगतीत बसले. मी त्यांच्या ताटात दोन बोटांएवढा तुकडा ठेवला, मोजून. त्यांनी खाल्ला, पण चव कशी आहे ते काही बोलले नाहीत. जिथे पिकतं तिथे विकत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि परात घेऊन पुढे गेले.

सणानंतर दोन दिवसांनी कटाई होती. व्यापाऱ्याचा नवा माणूस आला होता, उत्तरेकडचा, पहिल्यांदाच आमच्या गावी. ओट्यावर आबांशी बोलत बसला. मी आत चहा गाळत होते. त्यानं मला दारातून बघितलं असावं, कारण सहज विचारलं, "बिटिया बाहर रहती है? क्या करती है वहाँ?" त्याला गावातलं काही माहीत नव्हतं. त्याला काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. माझ्या हातातली गाळणी थांबली.

आबांनी आमच्याकडच्या हिंदीत सांगितलं, "रसोई करती. उधर अस्सी बुढ्ढे लोग उसके हाथ का खाते." मग थोडं थांबून म्हणाले, "आग पे मेरे से अच्छा हाथ है उसका."

हे शेवटचं साफ खोटं होतं. पातेलं त्यांनी वेळेवर काढलं होतं, मी नव्हे. पण ते खोटं मी दुरुस्त करायला गेले नाही. त्या माणसानं "अच्छा" म्हटलं आणि घडांचं वजन विचारायला लागला. मी चहा तसाच ठेवून चुलीपाशी बसले. मला माझ्या बापाचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त माझा, आणि तो लपवायची गरज कुणालाच राहिली नव्हती.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आम्ही तिकडे जाऊन घर विसरलो. आणि जे गेलात, तुम्हाला वाटत असेल की घर म्हणजे आमरस, झोके आणि धूळ. मलाही तसंच वाटायचं. पण आमरस तर डब्यात बंद होऊन कॅलगरीतसुद्धा मिळतो. मी इतकी वर्षं गावी जायचे ती सजून, थोडी मोठी होऊन, आपलं अर्धं आयुष्य विमानतळावर ठेवून. असं जिथे जावं लागतं ते घर नसतं, ते पाहुण्यासारखं जाणं असतं. आणि हे पाहुणेपण कुणी माझ्यावर लादलं नव्हतं, माझं मीच ओढवून घेतलं होतं.

यंदा पुन्हा आखाजीला गेले. चोपड्याहून एसटीनं, एकटीच. शेजारी एक अनोळखी म्हातारी उभी, कडेवर कोंबडीची टोपली. मी आमच्या गावाचं तिकीट मागितलं तशी तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "तूच का आबानी ती सैपाक करनारी पोर?"

मी म्हटलं, "हाव, मीच." आणि तिला बसायला जरा जागा करून दिली.